सांभाळून बोलण्याची किंमत

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांमध्ये वंशवैविध्याचा हिशेब बहुधा भरतीच्या दाराशी मांडला जातो, म्हणजे वर्षभरात किती कृष्णवर्णीय, किती लॅटिनो आणि किती आशियाई कर्मचारी घेतले याची मोजदाद होते; परंतु दारातून आत आलेल्या माणसाला काम कोण शिकवतो, त्याची चूक त्याच्या तोंडावर कोण सांगतो आणि बढतीची चर्चा बंद दाराआड चालू असताना त्याचे नाव कोण काढतो, हे प्रश्न त्या मोजदादीत कोठेच उमटत नाहीत. वास्तविक नोकरीतील माणसाचे पुढचे आयुष्य याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. अनुभवी सहकाऱ्याने नवख्याला हाताशी धरून घडवण्याच्या या व्यवहाराला व्यवस्थापनशास्त्रात ‘मेंटॉरिंग’ म्हणतात आणि कॅथी क्रॅम यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्याच्या दोन बाजू वेगळ्या करून दाखवल्या: एक कारकिर्दीची, जिच्यात आव्हानात्मक काम मिळवून देणे, वरिष्ठांच्या नजरेस आणणे, शिफारस करणे आणि प्रसंगी पाठीशी उभे राहणे येते, आणि दुसरी मनाची, जिच्यात विश्वास, स्वीकार, सल्ला आणि अनुकरणीय उदाहरण येते. वंशभेदाची रेषा ओलांडून जोडल्या जाणाऱ्या संबंधांत या दोन बाजू सहसा एकत्र नांदत नाहीत. अशा संबंधांत सर्वांत आधी गळते ती परखड टीका, आणि ती गळण्याचे कारण पुष्कळदा द्वेष नसून शिष्टाचार असतो, हे झेरॉक्स कंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या सुमारे चार दशकांच्या अनुभवातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

या अनुभवाची सुरुवात कंपनीच्या कचेरीत नव्हे, रस्त्यावर झाली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे झेरॉक्सचे आणि कोडॅकचेही मूळ गाव. भरभराटीच्या या उद्योगनगरात दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे मिळत नव्हती आणि कारखान्यांत कामही मिळत नव्हते. जुलै १९६४ मध्ये तेथे दंगल उसळली, ती आटोक्यात आणण्यासाठी नॅशनल गार्डच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या आणि पुढच्याच वर्षी समाजसंघटक सॉल अलिन्स्की यांच्या मदतीने ‘फाइट’ ही वस्त्यांची लढाऊ संघटना उभी राहिली. कोडॅकशी या संघटनेचा कडवा संघर्ष झाला; झेरॉक्सने मात्र, जोसेफ विल्सन यांच्या नेतृत्वाखाली, बोलण्याचा मार्ग पत्करला. १९६८ मध्ये विल्सन आणि त्यांचे सहकारी पीटर मॅककोलो यांनी आपल्या व्यवस्थापकांना पत्र पाठवून कंपनीतील कृष्णवर्णीयांची संख्या अपुरी असल्याचे मान्य केले आणि भरतीला वेग दिला. त्या लाटेत जे पदवीधर तरुण आत आले, त्यांतील पुष्कळजण विक्री विभागात गेले. या तरुणांना पुढे जे भोगावे लागले ते समजण्यासाठी त्या काळच्या झेरॉक्सची विक्रीपद्धती थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

जिच्या नावाच्या पाट्या महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांबाहेर आजही दिसतात, त्या कंपनीचे पहिले यशस्वी यंत्र, म्हणजे १९५९ मध्ये बाजारात आलेले ‘९१४’, प्रामुख्याने भाड्याने दिले जात असे. महिन्याचे भाडे ९५ डॉलर, त्यात पहिल्या २,००० प्रती धरलेल्या आणि त्यापुढील प्रत्येक प्रतीमागे काही सेंट, असा तो व्यवहार होता. साहजिकच ज्या भागात विमा कंपन्या, बँका आणि वकिलांच्या कचेऱ्या दाटीवाटीने होत्या, तेथील विक्रेत्याचे कमिशन आपोआप वाढे, आणि ज्याच्या वाट्याला लहान दुकाने आणि विखुरलेली गोदामे येत, त्याने कितीही पायपीट केली तरी आकडा वर जात नसे. विक्रीच्या क्षेत्राला तेथे ‘टेरिटरी’ म्हणत आणि कोणाला कोणती टेरिटरी द्यायची हे शाखेतील व्यवस्थापक ठरवी. कृष्णवर्णीय विक्रेत्यांची तक्रार अशी होती की त्यांना पद्धतशीरपणे कमी उत्पन्नाची क्षेत्रे दिली जातात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील विक्रेत्यांनी ही तक्रार न्यायालयापर्यंत नेली. या तक्रारीचे महत्त्व असे, की भेदभाव करण्यासाठी येथे कोणालाही अपशब्द वापरावा लागत नव्हता, कोणाचा अर्ज फेटाळावा लागत नव्हता आणि वर्षअखेरीस जो अहवाल बने तो पूर्णपणे खरा असे, कारण खराब क्षेत्रातला विक्रेता खरोखरच कमी विक्री करत असे. कमी विक्रीचा आकडा मग त्याच्या अकार्यक्षमतेचा पुरावा ठरे आणि त्या पुराव्यावर त्याची बढती रोखली जाई.

याला दिलेले पहिले उत्तर त्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच शोधले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा ‘बे एरिया ब्लॅक एम्प्लॉइज’ हा गट साठच्या दशकाच्या शेवटाला आकारास आला आणि पुढील काही वर्षांत देशाच्या अन्य भागांतही असे गट निघाले. आज अमेरिकी कंपन्यांत ज्यांना ‘एम्प्लॉई रिसोर्स ग्रुप’ म्हणतात, म्हणजे समान पार्श्वभूमीच्या कर्मचाऱ्यांचे स्वेच्छेने चालणारे मंडळ, त्यांचा आरंभ सांगताना या गटांचा उल्लेख हटकून होतो. त्यांचे काम निवेदने देण्यापुरते नव्हते. कचेरी सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी कोणाच्या तरी घरी जमायचे, ग्राहकापुढे करायच्या सादरीकरणाची तालीम घ्यायची, त्यातील दोष तिथल्या तिथे काढायचे, कोणत्या शाखेत कोणती जागा रिकामी होणार आहे ही बातमी एकमेकांना द्यायची आणि अमुक साहेबाला काय रुचते, तमुक साहेब कशावर अडून बसतो, हे नवख्याला सांगून ठेवायचे, असा तो क्रम होता. गोऱ्या विक्रेत्याला हीच माहिती गोल्फच्या मैदानावर किंवा संध्याकाळच्या पेल्याबरोबर न मागता मिळत असे, आणि ती आपल्याला ‘मिळते’ आहे याची त्याला जाणीवही नसे. गटाची अपेक्षा अशी, की सदस्याने आधी आपले विक्रीचे लक्ष्य पुरे करावे आणि मग न्याय मागावा. या अपेक्षेत अन्याय आहेच, कारण गोऱ्या सहकाऱ्याला न्याय मिळण्यासाठी अशी पूर्वअट पाळावी लागत नव्हती. तरीही व्यवहार म्हणून ती अचूक ठरली. १९६८ मध्ये वॉशिंग्टन येथे विक्रेता म्हणून रुजू झालेले बॅरी रँड १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या अमेरिकेतील विक्री व सेवा विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे १९९९ मध्ये एव्हिस या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीचे मुख्याधिकारी.

अशा स्वावलंबी गटांना एक मर्यादा असते, आणि ती त्यांच्या गुणांइतकीच ठळक आहे. बरोबरीचा सहकारी तालीम घेऊ शकतो, बातमी देऊ शकतो, धीर देऊ शकतो. परंतु टेरिटरी देऊ शकत नाही. देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, ते त्या काळात जवळपास सर्व गोरे होते. झेरॉक्समध्ये हा पेच सुटण्याच्या दिशेने जे महत्त्वाचे पाऊल पडले ते ऐंशीच्या दशकात, डेव्हिड कर्न्स मुख्याधिकारी असताना. कंपनीने आपल्या वरच्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी उलट्या दिशेने तपासल्या, तेव्हा बहुतेकांनी कधी ना कधी विक्री विभागातील पहिल्या पायरीचे व्यवस्थापकपद सांभाळले होते असे आढळले. अशा पदाला ‘पिव्हटल जॉब’ म्हटले गेले, म्हणजे ज्या जागेवर काम केल्याखेरीज पुढची वाट उघडत नाही अशी कळीची जागा. आणि एकूण कर्मचाऱ्यांतील प्रमाणापेक्षा या कळीच्या जागांवर कोण बसते याकडे लक्ष वळवण्यात आले. वैविध्याच्या नावाखाली कंपन्यांनी आजवर जे अनेक उपक्रम केले, त्यांत हा विचार सर्वांत कमी गाजावाजा झालेला आणि सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण त्याने सदिच्छेचे रूपांतर नेमणुकीत केले.

नेमणूक झाली तरी माणूस घडवण्याचे काम उरतेच, आणि वंशरेषेची खरी अडचण तेथे सुरू होते. या विषयाचा दीर्घ अभ्यास डेव्हिड थॉमस यांनी केला आहे. १९९० च्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की कृष्णवर्णीय व्यवस्थापकांना आपल्या वंशाचा मार्गदर्शक हवा असेल तर त्यांना स्वतःचा विभाग आणि अधिकारश्रेणी यांच्या बाहेर जाऊन तो शोधावा लागतो आणि अशा मार्गदर्शकाकडून मनाचा आधार अधिक मिळतो. पुढे जॉन गबारो यांच्यासह १९९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आणि २००१ मधील एका लेखात त्यांनी तीन मोठ्या कंपन्यांतील कारकिर्दींची तुलना मांडली. तीतून निघालेले चित्र वरवर विचित्र आहे. पुढे उच्चपदी पोहोचणारे गोरे अधिकारी नोकरीच्या आरंभीच वेगाने वर चढलेले दिसतात, तर पुढे तेवढ्याच उंचीवर पोहोचलेले कृष्णवर्णीय आणि अन्य अल्पसंख्य अधिकारी पहिल्या टप्प्यात बराच काळ एकाच पातळीवर रेंगाळलेले दिसतात. या रेंगाळण्याच्या काळात जे टिकले आणि नंतर वर गेले, त्यांच्यामागे असा कोणीतरी वरिष्ठ होता ज्याने त्यांच्यावर निव्वळ कामाच्या सूचनांपलीकडे जाऊन मेहनत घेतली होती. जे मध्येच थांबले, त्यांना सूचना मिळाल्या होत्या, माणूस मिळाला नव्हता.

थॉमस यांनी याच संदर्भात ‘प्रोटेक्टिव्ह हेझिटेशन’ अशी संज्ञा वापरली आहे, जिला मराठीत ‘सावध संकोच’ म्हणता येईल. गोरा वरिष्ठ आणि कृष्णवर्णीय कनिष्ठ एका टेबलाशी बसतात तेव्हा दोघेही नाजूक विषय टाळतात: वरिष्ठाला भीती असते की आपण दोष दाखवला तर तो वंशद्वेष समजला जाईल, आणि कनिष्ठाला भीती असते की आपण वंशाचा विषय काढला तर आपण तक्रारखोर ठरू. परिणामी भेटी सुरळीत होतात, दोन्ही बाजूंना समाधान वाटते आणि शिकण्यासारखे काहीच घडत नाही. थॉमस यांच्या १९९३ च्या अभ्यासातील एक बारकावा येथे नोंदवण्याजोगा आहे, कारण तो सोप्या उपदेशाला छेद देतो: वंशाबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या जोड्याच यशस्वी होतात असे त्यात आढळले नाही. काही जोड्यांनी तो विषय संमतीने बाजूला ठेवला आणि तरी त्यांचे संबंध घट्ट झाले. बिघाड तेथे झाला जेथे एकाला बोलायचे होते आणि दुसऱ्याला ऐकायचे नव्हते.

सावध संकोचाचा प्रायोगिक पुरावाही आहे. केंट हार्बर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोऱ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाईट लिहिलेला निबंध तपासायला दिला गेला; लेखक कृष्णवर्णीय आहे असे वाटल्यावर त्यांनी आशयाबद्दल अधिक सौम्य शेरे दिले. सौम्य शेरा मिळालेला लेखक घरी आनंदाने जातो आणि पुढचा निबंध तसाच लिहितो. त्याच्याच पुढच्या वर्षी जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी याची दुसरी बाजू तपासली: नुसती कठोर टीका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पक्षपाती वाटली आणि त्यांचा उत्साह खचला, परंतु त्याच टीकेबरोबर ‘येथील कसोटी उच्च आहे आणि तिला उतरण्याची कुवत तुमच्यात आहे’ अशा आशयाचे दोन शब्द जोडले तेव्हा त्यांनी ती टीका स्वीकारली आणि लेखन सुधारण्याची तयारी दाखवली. दोन्ही प्रयोग विद्यापीठातले आहेत, कचेरीतले नाहीत, आणि कचेरीत पगार, हुद्दा आणि वर्षानुवर्षांचे हेवेदावे मध्ये येतात, हे विसरता येत नाही. तथापि टीका टाळणे आणि टीका लादणे या दोहोंपेक्षा वेगळी अशी तिसरी रीत संभवते, एवढे त्यांतून निश्चित कळते.

ती रीत प्रत्यक्ष कचेरीत कशी दिसते याचे उदाहरण पुन्हा झेरॉक्सनेच पुरवले आहे. उर्सुला बर्न्स यांचा जन्म १९५८ चा. पनामाहून आलेल्या आईने त्यांना न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील सरकारी वसाहतीत वाढवले, आणि यांत्रिक अभियांत्रिकी शिकत असतानाच १९८० मध्ये त्या उन्हाळी उमेदवार म्हणून झेरॉक्समध्ये आल्या. १९८९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या एका चर्चेत कोणीतरी वैविध्याच्या धोरणामुळे गुणवत्तेची पातळी खाली येते का अशा आशयाचा प्रश्न केला, आणि वेलँड हिक्स या वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याने त्याला शांतपणे उत्तर दिले. असल्या प्रश्नाला इतक्या आदराने उत्तर द्यावेच का, असा रोखठोक सवाल बर्न्स यांनी भर सभेत हिक्स यांना केला. पुढे हिक्स यांनी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा आता समज मिळणार असे बर्न्स यांना वाटले होते. तशी ती मिळालीही, परंतु मुद्दा योग्य होता आणि तो मांडण्याची रीत चुकीची होती, असा भेद हिक्स यांनी केला आणि पुढे नियमित भेटण्याचे सुचवले. त्यानंतर १९९० च्या आरंभी त्यांनी बर्न्स यांना आपल्या कार्यकारी साहाय्यकाचे पद देऊ केले. हे पद म्हणजे बॅगा उचलण्याचे काम, अशी शंका बर्न्स यांना प्रथम आली; प्रत्यक्षात ज्या बैठकांत कंपनीचे निर्णय होत त्या खोलीत बसण्याची ती मुभा होती.

या घटनाक्रमात हिक्स यांनी काय केले नाही, ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्यांनी भर सभेतला उर्मटपणा ‘तरुण आहे, कृष्णवर्णीय आहे, जाऊ द्या’ म्हणून पोटात घातला नाही, आणि त्या उर्मटपणाची नोंद बर्न्स यांच्या कागदपत्रांत करून वाटही अडवली नाही. सावध संकोच या दोन मार्गांपैकी एक धरतो. शिवाय टीका आणि संधी एकाच माणसाकडून, थोड्याच अंतराने आली, म्हणून टीकेमागचा हेतू सिद्ध करण्याची वेगळी गरज उरली नाही. पुढच्या वर्षी पॉल अलेअर या मुख्याधिकाऱ्यांच्या बैठकीत याचा पुढचा अंक घडला. नवी भरती थांबवा असे अलेअर वारंवार सांगत आणि तरी महिन्याला हजारभर माणसे घेतली जात. ‘भरती थांबवा’ असे म्हटल्यावर ती खरोखर थांबेल असे या कंपनीत कोण म्हणू शकतो, असा प्रश्न साहाय्यक म्हणून मागे बसलेल्या बर्न्स यांनी हात वर करून विचारला. अलेअर यांनी त्यांना स्वतःच्या कचेरीत साहाय्यक म्हणून घेतले. २००७ मध्ये बर्न्स कंपनीच्या अध्यक्ष झाल्या आणि जुलै २००९ मध्ये अ‍ॅन मल्काही यांच्याकडून त्यांनी मुख्याधिकारीपद स्वीकारले. ‘फॉर्च्यून ५००’ यादीतील, म्हणजे उलाढालीनुसार अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांतील, त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मुख्याधिकारी होत.

ही कथा एका उदार गोऱ्या साहेबाने एका गुणी मुलीला वर आणले अशी सांगितली जाते, आणि तशी सांगणे सोयीचेही आहे. पण ती तशी नाही. रँड यांच्यासारख्यांनी वीस वर्षे आधी गट बांधले नसते, टेरिटरीचा वाद केला नसता आणि कळीच्या जागांचा विचार कंपनीला करायला लावला नसता, तर १९८९ मधील त्या प्रश्नकर्तीला सभागृहात उभे राहण्याइतका आत्मविश्वास आणि हिक्स यांना तिचे म्हणणे ऐकण्याइतका सराव कोठून आला असता, हे सांगणे कठीण आहे. समवंशीयांचा आधार आणि परवंशीय वरिष्ठाचा हात हे एकमेकांचे पर्याय नव्हेत.

अमेरिकेतील भारतीयांनी यांपैकी पहिली वाट विशेष यशाने चोखाळली. सिलिकॉन व्हॅलीतील गुंतवणूकदार भारतीयांना अभियंते म्हणून मानत परंतु मुख्याधिकारी म्हणून त्यांच्या हाती कंपनी देण्यास कचरत, हा अनुभव उद्योजक कंवल रेखी यांनी जाहीरपणे सांगितलेला आहे. त्याच पिढीने १९९२ मध्ये ‘टाय’ ही संस्था काढली, जिच्या पहिल्या फळीत सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील होते, आणि यशस्वी झालेल्याने नवख्याला पैसा, ओळखी व सल्ला द्यावा अशी प्रथा पाडली. मराठी अभियंत्यांच्या एका पिढीलाही या जाळ्याचा लाभ झाला. परंतु आज हेच अभियंते व्यवस्थापक झाले आहेत, त्यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण आहेत, आणि चांगले प्रकल्प कोणाला द्यायचे हे ते ठरवतात. जेवणाच्या सुटीत मराठीत किंवा हिंदीत जी चर्चा होते तीत पुढच्या प्रकल्पाची बातमी असेल, तर झेरॉक्सच्या गोऱ्या विक्रेत्यांच्या गोल्फच्या मैदानापेक्षा ते टेबल फारसे वेगळे नाही. आणि भारतीयांच्या या आपलेपणात जातीची गाळणी लागलेली नसतेच असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

कंपन्यांनी योजलेल्या उपायांचे मोजमाप अलेक्झांड्रा कालेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये केले. खूप प्रचलित असलेला उपाय, म्हणजे पूर्वग्रहांविषयी प्रशिक्षणाचे वर्ग, व्यवस्थापकपदांवरील वैविध्य वाढवण्यात सर्वांत दुबळा ठरला. वैविध्याची जबाबदारी निश्चित माणसांवर किंवा समितीवर सोपवणे सर्वांत परिणामकारक ठरले, आणि मेंटॉरिंग या दोहोंच्या मध्ये, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत विशेष उपयोगी. वर्ग भरवणे सोपे असते, म्हणून ते भरवले जातात. आता तर कायद्याची चौकटच बदलली आहे. सरकारी कंत्राटदारांनी समान संधीसाठी सक्रिय प्रयत्न करावेत असे सांगणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये समान रोजगार संधी आयोगाने स्पष्ट केले की मेंटॉरिंगचा लाभ वंश पाहून मर्यादित करणे हा बेकायदेशीर भेदभाव ठरू शकतो. त्यामुळे अनेक कंपन्यांना आपल्या योजना सर्वांसाठी खुल्या कराव्या लागत आहेत. खुलेपणात वाईट काही नाही. पण टेरिटरी वाटणारा व्यवस्थापक आणि परखड बोलणे टाळणारा वरिष्ठ यांना १९६५ चा आदेश आणि २०२५ चे स्पष्टीकरण दोन्ही सारखेच लांबचे आहेत, कारण त्यांचा व्यवहार कोणत्याही योजनेत लिहिलेला नसतो.

बर्न्स यांनी २०१६ च्या अखेरीस झेरॉक्सचे मुख्याधिकारीपद सोडले. त्यानंतर ‘फॉर्च्यून ५००’ मधील कंपनीच्या कायम मुख्याधिकारीपदी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री येण्यास मार्च २०२१ उजाडावा लागला.